बुळबुळ आणि प्लाझ्माचं पाणी

"साहेब, ते पिऊ नका," मी म्हणाले.

तोवर साबळेसाहेबांनी ग्लास तोंडाला लावला होता. समोर पाहुणे, फुलांच्या माळा, फोटोग्राफर. मागे काचेच्या कपाटात नवीन मशीन जांभळ्या उजेडात गुणगुणत होतं. "यात कसलंही केमिकल नाही, फक्त पाणी आणि हवा," असं साहेबांनी नुकतंच माइकवर सांगितलं होतं. आता ते सिद्ध करायला त्यांनी मोठा घोट घेतला. त्या पाण्याची आंबटाई लिंबाच्या रसाच्या जवळपास जाणारी. साहेबांचा एक डोळा आपोआप मिटला. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला.

"जरा टँगी आहे," साहेब म्हणाले. "पण फ्रेश वाटतं."

पहिल्या रांगेत आमचे मालक हमीदभाई बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "साबळे, हे जंतू मारायचं पाणी ना? मग तुम्ही का पिताय?"

ही गोष्ट मागच्या दशकातली. पळस्प्यापासून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पुढे आमचा कारखाना होता. कोलंबी सोलायची, उकडायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची, हे आमचं काम. हमीदभाई मूळचे उरणचे. आखातात बरीच वर्षं काढून परत आले आणि हा धंदा उभा केला. साबळेसाहेब जनरल मॅनेजर. मी क्वालिटी विभागाची प्रमुख, शिक्षणाने मायक्रोबायॉलॉजिस्ट. म्हणजे जंतू शोधायचे आणि ते सापडले की सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

मशीन आलं त्याला कारण होतं. आमच्या उकडलेल्या कोलंबीचा एक कंटेनर परदेशातल्या बंदरावर अडवला गेला. मालात लिस्टेरिया सापडला. हा जंतू मोठा चिवट. बहुतेक जंतू थंडीत गप्प पडून राहतात, हा फ्रिजमध्येही वाढतो. आणि उकडलेली कोलंबी तिकडचे लोक पुन्हा न शिजवता तशीच सॅलडमध्ये घालून खातात. धडधाकट माणसाचं सहसा फारसं बिघडत नाही. पण गरोदर बाईने खाल्ली तर पोटातलं बाळ दगावू शकतं. त्यामुळे अशा वेळी मी कुणाचं "थोडं ॲडजस्ट करा" ऐकत नसे.

माल नष्ट झाला. ग्राहकाने कळवलं, आमचा इन्स्पेक्टर येऊन कारखाना बघेल. तो पास म्हणाला तर पुढची ऑर्डर, नाहीतर राम राम. तो ग्राहक गेला असता तर कारखान्याची एक आख्खी लाइन बंद पडली असती. त्या लाइनवर आजूबाजूच्या गावांतल्या दीडशे-दोनशे बायका कोलंबी सोलायच्या.

जंतू येतो कुठून, ते मला साधारण कळलं होतं. उकडलेली कोलंबी ज्या पट्ट्यावरून पुढे सरकते, त्या कन्व्हेयरच्या खालच्या अंगाला आणि शेजारच्या गटारीत बायोफिल्म धरली होती.

बायोफिल्म म्हणजे काय, हे मी पनवेलकरांना नेहमी असं सांगते. सुटा जंतू म्हणजे फूटपाथवर झोपलेला माणूस. पोलिसांची एक गाडी आली की उठवता येतो. पण हेच जंतू एकत्र येऊन जागा धरतात, स्वतःभोवती चिकट भिंत बांधतात आणि आत बिऱ्हाडं थाटतात. म्हणजे झाली त्यांची को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. मग क्लोरीनचं पाणी मारा नाहीतर नोटीस द्या, कंपाउंडजवळचे दोन-चार मरतात, आतले टीव्ही बघत बसतात. माठाच्या आत, भांड्यांच्या जाळीखाली बोटाला जी बुळबुळ लागते ना, ती हीच. तिच्यावर मुख्य उपाय जुना आहे. ब्रश घ्यायचा आणि घासायचं. मग वरून जंतुनाशक.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. साबळेसाहेबांचा चेहरा पडला. त्यांना दोष देत नाही. कंटेनर अडवल्यापासून ते नीट झोपले नव्हते. मालकांना, ग्राहकाला, बँकेला, सगळ्यांना उत्तर त्यांनीच द्यायचं होतं. आणि "आम्ही आता नीट घासणार आहोत" हे वाक्य प्रेझेंटेशनमध्ये घालता येत नाही.

तेवढ्यात त्यांना एका प्रदर्शनात तलवार भेटला.

तलवार मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस. कोट, टाय, आणि जिभेवर साखर. त्याने कारखान्यात येऊन डेमो दिला. "मॅडम, प्लाझ्मा यानी मॅटर की चौथी अवस्था. आसमान में बिजली कडकती है, वही बिजली हमने डब्बे में बंद की है."

तो खोटं बोलत नव्हता. हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. माझ्या नवऱ्याने पण आधी तेच विचारलं होतं. हवेतून जोराची वीज सोडली की हवेचे कण फुटतात आणि हवा जांभळी उजळते. ती पाण्याला लागली की पाण्यात जंतूंना जाळणारे पदार्थ तयार होतात. पाणी आंबट होतं, जंतू मरतात. आणि हे पदार्थ काही काळाने विरून जातात, मागे विषारी क्लोरीनसारखं फारसं काही उरत नाही. कल्पना छान होती. मी त्यावर वाचलंही होतं.

तलवारने दोन काचेच्या प्लेट दाखवल्या. एकीवर जंतूंचे ठिपकेच ठिपके. दुसरी, प्लाझ्माचं पाणी वापरलेली, स्वच्छ.

मी विचारलं, "हे सुटे जंतू. बायोफिल्मवर करून बघितलंय?"

"मॅडम, बहुत सारे पेपर्स हैं इसपे."

"पाणी तयार झाल्यावर त्याची ताकद किती वेळ टिकते?"

"इट डिपेंड्स, मॅडम."

"कशावर?"

साबळेसाहेब मध्ये पडले. "प्रधान मॅडम, जरा पॉझिटिव्ह राहा हो. प्रत्येक गोष्टीत तुमचं काहीतरी असतं."

मशीन विकत घेतलं गेलं. आता ते ठेवायचं कुठे? मी म्हणाले, उकडलेल्या मालाच्या हॉलमध्ये, कन्व्हेयरच्या शेजारी. पाणी तयार होईल तसं लगेच वापरता येईल.

साहेब हसले. "मॅडम, हॉलमध्ये ठेवलं तर दिसणार कुणाला?"

म्हणून मशीन रिसेप्शनमध्ये बसलं. सोफ्याच्या समोर, काचेच्या कपाटात, वर स्पॉटलाइट. त्यात तयार झालेलं पाणी पाइपने गच्चीवरच्या टाकीत चढायचं. टाकी भरायला दीड-दोन दिवस लागत. तोवर ते पाणी पनवेलच्या उन्हात मस्त शेकायचं. मग दुसऱ्या पाइपने आख्ख्या इमारतीला वळसा घालून हॉलमध्ये उतरायचं. बाजूच्या भिंतीवर ग्रॅनाइटची कोनशिला लागली. मशीनचं नाव, हमीदभाईंचं नाव, आणि साबळेसाहेबांचं नाव जरा ठळक.

मशीनला झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास यायचा. रिसेप्शनवरच्या मुलीचं डोकं दुखायला लागलं. साहेबांनी तिचं टेबल सरकवलं. मशीन नाही सरकवलं.

सफाईच्या बायकांची मुकादम होती रंजनाबाई. नेऱ्याच्या बाजूची. दणकट, बोलायला फटकळ. हॉलमधलं काम संपलं की तिच्या बायका ब्रश घेऊन सगळं घासायच्या. मशीन आल्यावर सगळ्यांत खूश तीच होती. एक दिवस मी बघितलं तर बायका नुसत्या पाइपने पाणी मारत होत्या. ब्रश कोपऱ्यात कोरडे.

"रंजनाबाई, घासत का नाही?"

"साहेब बोलले, आता घासायची गरज नाय. ह्या पान्याने आपोआप मरतान."

"आणि तुम्हाला पटलं?"

"मॅडम, माझी कंबर बघा. जो बोलंल घासू नको, त्याचा मला लगेच पटतं."



मी नेहमीप्रमाणे स्वॅब घेत राहिले. स्वॅब म्हणजे कापूस गुंडाळलेली काडी. ती कन्व्हेयरच्या भागांवरून फिरवायची आणि तिला काय चिकटलं ते प्रयोगशाळेत वाढवून बघायचं. मशीन आल्यावर आकडे सुधारले नाहीत. उलट थोडे वाढले. रिपोर्ट घेऊन मी साहेबांकडे गेले.

"हे कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "तुम्ही स्वॅब घेता कुठून?"

"जिथे जंतू असतात तिथून."

"मग दुसरीकडूनही घेत जा ना थोडे. ॲव्हरेज सुधारेल."

ते विनोद करत नव्हते.

वाद घालून उपयोग नव्हता. मी वर्कशॉपमधून स्टीलच्या चार पट्ट्या कापून घेतल्या, कन्व्हेयर ज्या स्टीलचा होता त्याच स्टीलच्या. तारेने गटारीत टांगून ठेवल्या. काही दिवसांत त्यांवर चांगली जाड बुळबुळ धरली. घरी असं काही जोपासलं असतं तर सासूबाईंनी घराबाहेर काढलं असतं.

पहिली पट्टी साध्या पाण्याने धुतली. दुसरी गच्चीच्या टाकीतल्या पाण्याने. तिसरीसाठी रिसेप्शनमध्ये गेले, मशीनच्या तोंडाशी बादली धरली आणि ताज्या पाण्यात पट्टी बुडवली. सोफ्यावर एक पाहुणे चहा पीत बसले होते, त्यांनी कप खाली ठेवला. चौथी पट्टी आधी ब्रशने घासली आणि मग ताज्या पाण्यात बुडवली.

चारही पट्ट्यांवरून स्वॅब घेऊन ते वेगवेगळ्या प्लेटवर वाढवले. निकाल आला तेव्हा मी स्वतः चकित झाले. साध्या पाण्याची प्लेट आणि टाकीच्या पाण्याची प्लेट जुळ्या बहिणींसारख्या. गच्चीवर पोचेपर्यंत आणि तिथे मुक्काम करेपर्यंत त्या पाण्यातला राम निघून गेला होता. आम्ही महागडं यंत्र वापरून साधं पाणी बनवत होतो. तिसऱ्या प्लेटवर जंतू बरेच कमी, पण होते. बुळबुळीचा वरचा थर मेला होता, आतले जिवंत. चौथी प्लेट मात्र कोरी. मी उजेडात धरून बघितली, भिंग लावून बघितली. काही नाही. ब्रश आणि आपलं नेहमीचं क्लोरीन वापरूनही मला इतकी कोरी प्लेट क्वचितच मिळाली होती.

म्हणजे तलवारचं मशीन चांगलं होतं. फक्त चुकीच्या खोलीत होतं.

मी धावत साहेबांकडे गेले. खरं तर ती आनंदाची बातमी होती.

"मशीन हलवायचं?" साहेब खुर्चीतून उठले. "मॅडम, कोनशिला लागलीये तिथे!"

"कोनशिला राहू दे. मशीन हलवू."

"आणि लोक विचारतील, कोनशिला कशाची आहे?"

ते पुढे म्हणाले, "आणि घासणं परत सुरू करायचं म्हणता? मग मशीन घेऊन आपण केलं काय? ब्रोशरमध्ये छापलंय, 'मानवी हस्तक्षेपाशिवाय स्वच्छता'. तुम्ही त्यात ब्रश घालताय."

दुसऱ्या दिवशी रंजनाबाई माझ्या केबिनच्या दारात उभी. चेहरा उतरलेला.

"मॅडम, ह्या 'रॅशनलाइज' म्हंजे काय?"

मी विचारलं, कुठे ऐकलंत. साहेबांनी सफाईच्या बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराला सांगितलं होतं की सॅनिटेशनचं मनुष्यबळ रॅशनलाइज करायचं. पुढच्या महिन्यापासून सफाईच्या निम्म्या बायका बंद.

"साहेब बोलले, मशीन आलीय तर बायका कशाला?" ती म्हणाली. "आमी घासायचा सोडला ता त्यांच्याच सांगन्यावरून. आता बोलतान तुमी कामच नाय करत. मॅडम, आमच्यातल्या तिघींची घरं ह्याच्यावर चालतान. आमी उद्यापासून घासतो. दोनदा घासतो. पन तुमी काय तरी बोला."

मी त्या क्षणी ठरवलं. जनरल मॅनेजरच्या डोक्यावरून मालकाकडे जाणं नोकरीत बरं दिसत नाही. मी तोवर कधी गेले नव्हते. पण इन्स्पेक्टर पुढच्याच आठवड्यात येणार होता, आणि तो साधं पाणी मारलेला कन्व्हेयर बघणार होता.

हमीदभाई सकाळी कारखान्यात भेटत नसत. ते उरणच्या मोरा बंदरावर असत. माल उतरताना स्वतः बघायची त्यांची जुनी सवय. मी उरणला गेले. प्लेट नेल्या नव्हत्या, जंतू घेऊन एसटीत बसणं नियमात बसत नाही. मोबाइलवर फोटो नेले. हमीदभाई लाँचच्या धक्क्यावर उभे राहून बर्फाच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते. मला बघून दचकले.

"मॅडम, तुम्ही इथे? खैरियत?"

मी फोटो दाखवले. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून त्यांनी टोपी काढून मोबाइलवर सावली धरली. मी एकेक प्लेट समजावली. साधं पाणी. टाकीचं पाणी. ताजं पाणी. घासून मग ताजं पाणी.

"पण साबळे म्हणाले, रिपोर्ट अव्वल आहे."

"कुठला रिपोर्ट, हमीदभाई?"

"मशीनचा."

"तो मशीन विकणाऱ्या कंपनीचा आहे."

त्यांनी फोटो पुन्हा पाहिले. मग बर्फाच्या गाडीकडे बोट केलं. "म्हणजे हे बर्फासारखं झालं. बर्फ घ्यायचा आणि लगेच माशावर टाकायचा. आम्ही काय केलं? बर्फ घेतला, दोन दिवस गच्चीवर ठेवला, आणि मग ते पाणी माशावर ओतलं."

"अगदी तसंच."

"तौबा." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मशीन हलवा."

"कोनशिलेवर तुमचं नाव आहे."

"दगड आहे तो, मॅडम. तो कुठे पळून जाणार आहे?"

"आणि सफाईच्या बायका?"

"त्यांना कोण काढतंय?"

मी सांगितलं. त्यांनी तिथूनच साबळेसाहेबांना फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बोटींचा आवाज होता. पण बोलणं थोडक्यात झालं.

रविवारी मशीन हॉलमध्ये आलं. कन्व्हेयरच्या शेजारी, स्टीलच्या स्टँडवर. कपाट, स्पॉटलाइट काही नाही. सोमवारी रंजनाबाई, तिच्या बायका, मेकॅनिक आणि मी, आम्ही कन्व्हेयर पूर्ण खोलला. शेवटचा रोलर आतून पोकळ होता. त्याचं रबरी झाकण चिरलं होतं. झाकण काढल्याबरोबर जो वास आला, त्याने मेकॅनिक दोन पावलं मागे सरला. आत बोटभर जाड, पिवळट बुळबुळ. वरून कितीही पाणी मारा, तिच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. पट्टा फिरला की ती चिरेतून थेंबथेंब बाहेर येत होती, थेट उकडलेल्या कोलंबीवर.

"ह्या सोसायटीचा चेअरमन सापडला बघा," रंजनाबाई म्हणाली. माझी उपमा तिने कधी ऐकली होती कोण जाणे.

बाटली धुवायच्या लांब ब्रशने रोलर आतून घासला. मग मशीनच्या तोंडाखालच्या टबात ताज्या पाण्यात बुडवून ठेवला. झाकण नवीन बसवलं. सगळी लाइन रोज तशीच, आधी ब्रश, मग ताजं पाणी. ते आंबट पाणी बायकांच्या हाताच्या चिरांना झोंबायचं. रंजनाबाईने चांगले ग्लोव्हज मागितले. उत्तर आलं, बजेट नाही.

इन्स्पेक्टर आला, तो बाई निघाली. उंच, कमी बोलणारी. खिशात टॉर्च आणि पाना. साबळेसाहेबांनी मशीनसमोर उभं राहून तिला प्रेझेंटेशन दिलं. आकाशातली वीज, मॅटरची चौथी अवस्था, सगळं. ती ऐकत होती. मग तिने इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

"छान. पण आधी घासतं कोण?"

मी साहेबांकडे बघितलं. माझ्या मनात आलं, आता हे काय सांगणार? ब्रोशर तर तिच्या हातातच होतं.

साहेबांना विचार करायला जेमतेम एक श्वास लागला. ते वळले, पाण्याच्या पाइपशी उभ्या असलेल्या रंजनाबाईकडे हात केला आणि इंग्रजीत म्हणाले, "ही आमची डेडिकेटेड बायोफिल्म रिमूव्हल टीम. रंजना मॅडम इज द टीम लीडर."

इन्स्पेक्टर बाईने रंजनाबाईशी हात मिळवला. रंजनाबाईने हळूच मला विचारलं, "काय बोलले?" मी म्हटलं, "तुम्हाला प्रमोशन दिलं."

मग त्या बाईने पाना काढला, रोलरचं झाकण स्वतः उघडलं, टॉर्च मारली आणि स्वॅब घेतले. ते तिच्या देशातल्या लॅबला गेले. उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी रोज मेल उघडताना आधी देवाचं नाव घ्यायची. सायन्सवाली असले तरी. निकाल आला, लिस्टेरिया नाही. लाइन चालू राहिली. ऑर्डर परत आली.

पुढे साबळेसाहेब एका परिषदेत भाषण देऊन आले. विषय होता प्लाझ्माचं पाणी आणि बायोफिल्म. माझ्या चारही प्लेटचे फोटो त्यात होते. शेवटच्या स्लाइडवर सहकाऱ्यांचे आभार होते, त्यात माझं नाव 'सौ. प्रधाने' असं छापलं होतं. मी ते जपून ठेवलेलं नाही, पण विसरलेही नाही. साहेबांबद्दल राग मात्र नाही. टीम हा शब्द त्यांनी तोंडातून काढला आणि मग त्यांना तो निभवावा लागला. पुढच्या ऑडिटला ग्राहकाने विचारलं, टीमचं ट्रेनिंग कुठाय? ट्रेनिंग झालं. टीमला वेगळे ॲप्रन मिळाले, गमबूट मिळाले, आणि ज्यांच्यासाठी बजेट नव्हतं ते कोपरापर्यंतचे ग्लोव्हजही मिळाले. बाई एकही कमी झाली नाही. उलट दोन वाढल्या, कारण टीम म्हटलं की साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस लागतो.

आता मी निवृत्त आहे, तरी तरुण मायक्रोबायॉलॉजिस्ट मला विचारतात, प्लाझ्माचं पाणी खरंच काम करतं का? करतं. ताजं असेल आणि आधी घासलेलं असेल, तर उत्तम करतं. घासायला माणसं लागतात, हे मी कंपनीला वर्षानुवर्षं फुकट सांगत होते. ते पटायला त्यांना एक महागडं मशीन विकत घ्यावं लागलं.